दोन मोटारींचं एक गिऱ्हाईक

गिरिधरपंतांना मोटार घ्यायचीच नव्हती. सेक्रेटरिएटातून पेन्शनीत निघालेल्या माणसाला जायचं असतं कुठे? मुलगा जबलपुरात, पत्नी यमुताईंना जाऊन वर्ष झालेलं. धंतोलीतल्या घरात दिवसभर त्यांच्याशी बोलायला कुणी नसे. सदर बाजारात मालगुजार बाबाराव भेटले, तेव्हा ते घटकाभर थांबावेत म्हणून पंत सहज बोलून गेले, "एखादी मोटार घ्यावी म्हणतो."

झालं! दुसऱ्याच संध्याकाळी बाबाराव आपली जुनी, अवाढव्य ब्यूक घेऊन दारात हजर. "सात जन आरामात बसतेत, पाहा जी!"

पंत मागे एकटेच बसले. तेलंगखेडीपर्यंत फेरी झाली, चहा झाला, गप्पा झाल्या. "विचार करून सांगतो," पंत म्हणाले, आणि बाबाराव पुन्हा आले.

हे रुपराव वकिलांच्या कानावर गेलं. त्यांनाही आपली बेबी ऑस्टिन विकायची होती. "हत्ती कायले पोसता पंत? ही पाहा, कोन्त्याही गल्लीत वळते."

तिच्यात पंतांचे गुडघे हनुवटीला टेकले. पण प्रत्येक वळणावर रुपरावांचं कोपर लागे. माणसाचा धक्का किती दिवसांनी लागत होता! पंतांना ते फार बरं वाटलं.

एक गाडी पसंत केली की दोघंही यायचे बंद होणार, हे पंत पक्कं जाणून होते. म्हणून बाबारावांपुढे ते ऑस्टिनची तारीफ करत आणि रुपरावांपुढे ब्यूकची. दोघंही इरेला पेटून रोज येत. पंतांच्या घरी साखर पुरेना.

संक्रांतीला मात्र दोघंही तिळगूळ घेऊन एकदमच उगवले.

"आज फैसला कराच जी!" बाबाराव म्हणाले.

पंतांना घाम फुटला. कुणीच दुखावलं जाऊ नये म्हणून त्यांनी दोन्ही गाड्यांची अशी काही तुलना केली की, ब्यूकमध्ये वकिलांची सहा लेकरं मावली आणि लेकी नांदायला गेलेल्या बाबारावांना ऑस्टिन पुरून उरली. खोट काढायला म्हणून दोघं एकमेकांच्या गाडीत बसले. एक-एक चक्कर मारून परतले ते हसतच.

"वकीलसाहेब, हे माह्या गल्लीत मस्त वळते ना!"

"अन् यात माह्या घरचे सारे मावतेत जी!"

पंतांच्या ओट्यावरच अदलाबदल ठरली. वरच्या पैशांचं काय ते आपसात पाहू, म्हणाले.

"तुमची कटकट मिटली पंत!" असं म्हणून दोघं निघाले. दोन्ही भोंगे वाजले, धुरळा खाली बसला, आणि पंत तिळगुळाची वाटी घेऊन ओट्यावर उभेच राहिले. त्यांना रडू आवरेना.

सकाळी कवडू गवळी दूध घालायला आला.

"कवडू, म्हैस विकायची आहे काय गा?"

"तुमाले पावशेर दूध लागते जी. म्हैस कायले पाहिजे?"

"घेईनच असं नाही," पंत म्हणाले. "पण रोज संध्याकाळी आणून दाखवत जा. मी विचार करतो."