सात पिढ्या बिनलग्नाच्या

"मला नुसतं आडनाव सांगा, अख्खं खानदान उलगडून दाखवते!" चौथी शिकलेल्या शीलाबाई भिवापूरकर नागपुरात असं म्हणत आणि आता लेकाकडे, रवीकडे, टेक्सासमधल्या प्लेनोला येऊनही म्हणत. म्हणून नात अनिका ही डॅनियल लाफ्लर नावाच्या गोऱ्या मुलाशी लग्न करणार म्हटल्यावर त्यांनी फर्मान काढलं, "पोरगा गुणी आहे, माझ्या हातचा ठेचा डोळे पुसत का होईना, पण संपवतो. तरी वंशावळ बघितल्याशिवाय तारीख नाही!"

डॅनियलची आई जिनेट शनिवारी जेवायला येणार होती, तारीख पक्की करायला. रवीनं जूनसाठी एक हॉल तेवढा धरून ठेवला होता. तिनं वंशावळ आधीच पाठवून दिली. कॅनडातल्या फ्रेंच पूर्वजांपासून अकरा पिढ्या! गुंडाळी डायनिंग टेबलावरून सोडली ती थेट फ्रिजला जाऊन थडकली.

"वाच," शनिवारी जेवणाआधी शीलाबाई म्हणाल्या.

"मूळ पुरुष प्येर गान्ये. बायको मारी लांबेर," अनिका वाचू लागली.

"माहेरचं नको, लग्नानंतरचं सांग."

"नंतरही लांबेरच, आजी. वारली तेव्हाही लांबेर."

"मेली तरी माहेरच्याच नावानं? आणि पोरगा?"

"झाक लाफ्लर."

"बाप गान्ये आणि पोरगा लाफ्लर!"

पुढे तर कहरच. पहिल्या सात पिढ्यांत एकाही बाईनं नवऱ्याचं आडनाव लावलेलं नव्हतं! शीलाबाईंनी कपाळावर हात मारला. "सात पिढ्या बिनलग्नाच्या! रवी, हॉल कॅन्सल कर!"

"आई, जरा थांब ना..."

"कर म्हटलं ना!"

रवी ऑफिसात पन्नास माणसांचा मॅनेजर, पण आईपुढे अजून बालवाडीत. त्यानं मुकाट्यानं फोन लावला. अनिका "धिस इज सो अनफेअर!" म्हणत वर गेली आणि दार असं आपटलं की गॅरेज हादरलं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात जिनेट, हातात स्वतः केलेला ॲपल पाय. ती गोड हसली आणि शीलाबाईंचा राग तुपासारखा वितळला. त्यांनी तिचा हात हातात घेतला.

"मनाला लावून घेऊ नका हो. आधीच्यांनी लग्नं केली नाहीत, त्यात तुमचा काय दोष?"

रवीनं घाम पुसत भाषांतर केलं. जिनेट आधी गोंधळली, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"लग्नं सगळ्यांची झाली! त्या काळी चर्चच्या वहीत बाईचं नाव जन्मभर बापाच्याच आडनावानं लिहायचे. आणि पलटणीत प्रत्येक शिपायाला टोपणनाव मिळायचं. प्येरला मिळालं लाफ्लर, म्हणजे फूल. मग त्याच्या पोरांपैकी कुणी गान्ये लावलं, कुणी लाफ्लर."

"बंदूकवाल्याचं नाव फूल? आणि सख्ख्या भावांची आडनावं वेगळी? असं कुठं असतं का!"

रवी खाकरला. "आई, आजोबा मेश्राम. बाबांना मास्तरांनी गावावरून भिवापूरकर लिहिलं. काका अजून मेश्रामच."

"ते वेगळं!"

"काय वेगळं, आजी?" जिन्यावरून आवाज आला.

शीलाबाईंनी आधी पदर सावरला, मग गळा साफ केला आणि शेवटी रवीवरच खेकसल्या, "बघतोस काय? हॉल परत घे!"

रवीनं पुन्हा फोन लावून पाहिला. "गेला, आई. दुसऱ्यांनी लगेच उचलला."

"मग मागच्या अंगणात लावू! जूनमध्ये!"

"टेक्सासच्या जूनमध्ये? पाहुणे भाजून निघतील!"

"मग ऑक्टोबर! ठरलं!"

अनिका दोन-दोन पायऱ्या टाकत खाली आली आणि आजीच्या गळ्यातच पडली. जिनेटनं पर्समधून पेन्सिल काढली. आता तुमच्याकडच्या बायका लिहू, म्हणाली. आधी तुम्ही.

"मैना रामटेके."

"मैना?" रवी दचकला.

"सासरी आले आणि शीला झाले. तू कधी विचारलंस?"

"आणि तुमची आई?" जिनेटनं विचारलं.

"जनाबाई गजभिये."

"तिची आई?"

पेन्सिल कागदावर टेकून थांबली. शीलाबाईंनी एकदा फ्रिजपर्यंत पोचलेल्या गुंडाळीकडे पाहिलं, एकदा रवीकडे.

"आजी होती ती," त्या हळूच म्हणाल्या. "आम्ही आजीच म्हणायचो. तसंच लिहा, विहीणबाई."