सतराव्या पानावरची ओळ

डिझायनरच्या वडिलांनी निवृत्तीनिमित्त आठवणींची पुस्तिका लिहिली. घरातच डिझायनर असल्यामुळे मांडणीचं काम साहजिकच त्याच्या गळ्यात पडलं आणि घोळ तिथेच सुरू झाला. हा गृहस्थ वेबसाइट करो नाहीतर पुस्तिका, आधी पानावर ग्रिड आखायचा, म्हणजे उभ्या-आडव्या न दिसणाऱ्या रेषांची जाळी. मग एखादं अक्षर त्या जाळीबाहेर पाय टाकेल तर शपथ! जेवतानाही चमचा ताटाशी काटकोनात आहे ना, हे बघून मगच तो पहिला घास घ्यायचा.

सोळा पानं चोख बसली. फक्त आभारांची शेवटची ओळ सतराव्या पानावर एकटीच जाऊन बसली. अक्षर किंचित लहान केलं असतं तरी भागलं असतं, पण ते त्याच्या जिवावर आलं. त्याने ओळ वाचली: 'आणि बायकोचे आभार, तिने एक दिवसही डबा चुकवला नाही.'

"घरातलंच माणूस आहे," असं पुटपुटत त्याने ओळ उडवली.

निरोप समारंभात वडिलांच्या साहेबांनी आभारांचं पान मोठ्याने वाचलं. माळ्याचे आभार झाले, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचे झाले, ऑफिसातल्या मांजरीचेसुद्धा झाले. पहिल्या रांगेत आई हसू तयार ठेवून ऐकत होती. पान संपलं, टाळ्या पडल्या आणि ते हसू तसंच राहून गेलं.

त्या दिवसापासून आई वडिलांशी बोलेना. तिसऱ्या दिवशी डिझायनर वडिलांपाशी जाऊन बसला.

"बाबा, तुमचा कच्चा मजकूर एकदा बघा ना," तो चाचरत म्हणाला.

"शोधला रे, सापडतच नाही. लिहिलं होतं असं वाटतं खरं, पण आता वय झालं. मांजर आठवली आणि हिला विसरलो बघ!"  वडील डोळे पुसत खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. सांगायचं ते याच्या तोंडातच राहिलं. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

शेवटी तो स्वयंपाकघरात गेला.

"आई, बाबांची चूक नाही. ओळ मी काढली. ग्रिडमध्ये बसत नव्हती."

"माहीत आहे. कच्चा मजकूर मीच नाही का तपासून दिला तुला?"

"मग बाबांना का छळतेस?"

"हळू बोल. ते कागद साखरेच्या डब्यामागे आहेत." आईने बंद दाराकडे पाहिलं. "चाळीस वर्षांच्या संसाराची एक ओळ लिहिली होती त्यांनी, तीही डब्याची. आता विसरलो असं समजून तीन दिवस माझ्यावर लिहीत बसलेत. अकरा पानं झाली."

डिझायनरचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे तू रागावलेली नाहीस?"

"त्यांच्यावर नाही," भांडी विसळता विसळता आई म्हणाली. "त्यांना वाटतंय ते विसरले. तू तर ओळ वाचून मग उडवलीस."