वानरांवर सोडलेलं विमान

खोटं कशाला बोलू, विमान आधी ठरलं आणि वानरं नंतर सुचली.

झालं असं, की साहेब दौऱ्यावर होते. (साहेब दौऱ्यावर असले की आमच्या ऑफिसात कामाचा फार ताण असतो.) मी मोबाइलवर लोकांची रिमोटची विमानं उडताना बघत बसलो होतो. मध्येच एक जाहिरात आली. स्वस्तात मस्त विमान, 'ऑलमोस्ट रेडी टू फ्लाय'. त्या बटणावर माझं बोट कसं पडलं, ते मला आजही सांगता येणार नाही. माझं वय चव्वेचाळीस आहे, पण बोट दहा वर्षांचं निघालं.

खोकं घरी आलं तेव्हा दार उघडलं वेदिकानं. वेदिका म्हणजे माझी बायको.

"हे काय आणलंत?"

"विमान."

"कशाला?"

आता या 'कशाला'ला जगातल्या कुठल्याच नवऱ्याकडे उत्तर नसतं. माझ्याकडेही नव्हतं. पण संकटात माणसाची बुद्धी चालते म्हणतात, तशी माझी चालली. (चालायला नको होती.)

"तुझ्या बाबांच्या बागेसाठी!" मी म्हणालो. "वानरं हाकलायला!"

माझे सासरे भागोजीमामा हातखंब्याच्या आतल्या बाजूला राहतात. घरामागे हापूसची कलमं. एप्रिल लागला की वानरांचा कळप तिथे मुक्कामाला येतो. बरं, एक आंबा घेऊन सुखानं खातील तर शपथ. एक चावा मारायचा, टाकायचा, की दुसरा. लग्नाच्या पंगतीत मुलं जिलबीचं करतात तसं. मामा डबे वाजवून आणि बेचकीनं दगड मारून थकले होते. शेवटी त्यांनी एक राखण्या ठेवला होता. तो दिवसभर बागेत आरोळ्या ठोकायचा.

वेदिकाचा चेहरा एकदम खुलला. "अय्या, बाबांसाठी? मला वाटलं, तुम्हाला खेळायला!"

"छे!" मी म्हणालो. त्या क्षणापासून ते विमान शेती-उपयोगी झालं.

खोकं उघडलं आणि कळलं, की 'ऑलमोस्ट रेडी' हा प्रकार म्हणजे पिशवीत पापलेट आलं की कालवण ऑलमोस्ट रेडी, त्यातला आहे. पंख वेगळे, शेपूट वेगळी, पुढची मोटार वेगळी. बॅटरी आणि रिमोट तर वेगळेच मागवायचे होते. शिवाय एक पुस्तिका होती. ती चीनमधल्या माणसानं इंग्रजीत लिहिली असावी आणि ते इंग्रजी त्यानं आयुष्यात कधी ऐकलेलं नसावं. 'पंखाला प्रेमाने दाबून थांबा' असं काहीतरी होतं. मी प्रेमानं दाबलं. अंगठा पंखालाच चिकटला.

"अहो, चहा घ्यायला येताय ना?"

"येतो, पण विमान घेऊन येतो."

गरम पाणी, खोबरेल, वेदिकाचे टोमणे, असे सगळे उपाय झाल्यावर अंगठा सुटला, पण साल पंखावर ठेवून. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या हजेरीच्या मशिननं मला ओळखायला साफ नकार दिला. साहेब परत आले होते. म्हणाले, "मशीन हुशार दिसतंय."

विमान पंखाखाली दोन बोटांवर धरलं की आडवं राहायला हवं, असं पुस्तिकेचं म्हणणं. आमचं शेपटीवर बसायचं, दमलेल्या म्हशीसारखं. मग शेजारच्या दाजींनी मदत केली. दाजींची मिरकरवाड्याला होडी आहे. त्यांनी जाळ्याला लावायचे शिशाचे मणी आणून दिले, ते नाकात भरले तेव्हा कुठे विमान सरळ झालं.

"उडवा बिनधास्त," दाजी म्हणाले. "दर्यात बुडालं तर सांगा, जाळं टाकून काढू."

चाचणीसाठी आम्ही गावाबाहेरच्या सड्यावर गेलो. नुसता कातळ, झाड नाही की घर नाही, म्हणजे नुकसान झालं तर फक्त आमचंच होणार. वेदिका मोबाइल घेऊन शूटिंगला उभी. मी रिमोटची डावी दांडी वर केली आणि काय सांगू, विमान कातळावरून धावलं आणि चक्क उडालं! मला रडूच यायचं बाकी राहिलं. तेवढ्यात ते वळून माझ्याकडे तोंड करून आलं. विमान आपल्याकडे आलं की आपलं डावं ते त्याचं उजवं होतं, ही गोष्ट तेव्हा मला समजली.

"बंद कर! शूटिंग बंद कर!" मी ओरडलो.

वेदिकानं आज्ञाधारकपणे बंद केलं. (लग्नानंतर पहिल्यांदाच.) त्यानंतर विमान करवंदीच्या जाळीत नाकावर पडलं. म्हणजे व्हिडिओत राहिलं फक्त उडणं. मी काटे काढत होतो, तेवढ्यात वेदिकानं तो व्हिडिओ अभिमानानं वडिलांना पाठवूनही दिला.

लगेच मामांचा फोन. "जावयबापू, बघितला तुमचा विडिओ. कमाल केलीत! राखण्याला आत्ताच सांगून टाकलं, बाबा तू मोकळा. तो गेला पण जयगडच्या पाव्हण्यांच्या बागेत."

"मामा, घाई कशाला केलीत? अजून थोडी चाचणी..."

"अवो, डोळ्यांनी बघितलं ना! पंधरा दिवसांत आंबा उतरायचाय. तवर बाग तुमच्या हवाली. येत्या रविवारी या."

आधी विमान पडलं असतं तर माझं हसं झालं असतं, एवढंच. आता ते पडलं, तर मामांचा वर्षाचा आंबा वानरांच्या पोटात जाणार होता, आणि त्याला जबाबदार मी. वेदिकाला सांगून बघितलं.

"सांग ना त्यांना, राखण्याला परत बोलवा म्हणावं."

"आणि काय सांगू? तुम्ही मला खेळणं दाखवून फसवलंत म्हणून?"

मी मुकाट्यानं पंखाला चिकटपट्टी लावायला बसलो.

रविवारी स्कूटरवरून निघालो. पुढे हेल्मेट घालून मी, मागे विमान कवटाळून वेदिका. पंख दोन्ही बाजूंना एवढे पसरलेले, की मागच्या रिक्षावाल्याला ओव्हरटेकच करता येईना. शेवटी तो ओरडला, "अरे, उडव तरी, नायतर बाजूला घे!"

सासुरवाडीला पोचलो तर खळ्यात, म्हणजे अंगणात, अख्खी वाडी जमलेली. मामांनी पाट मांडला होता, रांगोळी काढली होती. सासूबाईंनी, म्हणजे गोदामामींनी, विमानाला कुंकू लावून अबोलीचा वळेसर घातला. घरामागच्या कलमावर वानरंही जमली होती. त्यांचा म्होरक्या, एक दांडगा हुप्प्या, शेंड्यावर बसून आंबा खात कार्यक्रम बघत होता.

"मामा, करू का सुरू?" मी घाईघाईनं म्हणालो. मला ते एकदाचं उरकायचं होतं. बॅटरी जोडून, रिमोट पट्ट्यानं गळ्यात अडकवून मी तयार होतो.

"थांबा वो! गाऱ्हाणं घातल्याशिवाय कसं?"

आमच्याकडे नवीन होडी असो, विहीर असो की मोटारसायकल, देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय कुणी हात लावत नाही. पुस्तिकेत मात्र ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की बॅटरी जोडल्यावर विमान माणसांमध्ये ठेवू नये. गाऱ्हाण्याबद्दल चिन्यांनी काही लिहिलेलं नव्हतं.

वाडीत गाऱ्हाणं घालायचा मान सखाराम गावकरांचा. ते नारळ घेऊन पुढे आले आणि विमानासमोर उभं राहून त्यांनी खणखणीत आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वाडी ओरडली.

"आज तुज्या लेकराच्या, भागोजीच्या जावयानं ह्ये विमान आणलेलं हाय."

"व्हय म्हाराजा!"

"जावय शहरातला हाय, त्याला काय येत नाय."

"व्हय म्हाराजा!" यात वेदिकाचा आवाज सगळ्यात मोठा होता.

"तर त्याची चूकमाक पदरात घे, विमान वर ने, आनि एकदा का वर गेलं, की त्याला खाली पडू देऊ नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जावयबापू, हात जोडा," मामा कुजबुजले.

मी हात जोडले. भक्तिभावानं खाली वाकलो. आणि जोडलेल्या हातांच्या मनगटानं रिमोटची डावी दांडी पार वरपर्यंत ढकलली गेली.

घर्रर्र! विमान पाटावरून सुटलं. सखाराम गावकरांच्या दोन पायांमधून निघालं, तिकडे उभ्या एका म्हाताऱ्याची टोपी घेऊन गेलं आणि अबोलीच्या वळेसरासकट कौलांवरून वर चढलं. मग सखाराम गावकर नारळ तसाच हातात घेऊन गरजले, "पावला रे पावला! नारळ फोडायच्या आधीच पावला!"

"व्हय म्हाराजा!" वाडीनं आभाळ डोक्यावर घेतलं.

आणि ऐका, विमान थेट कलमाच्या दिशेनं गेलं. (मी नेलं नाही. मी अजून वाकलेलाच होतो.) तो घरघराट ऐकून वानरांची अशी त्रेधा उडाली, की पोरं पोटाशी धरून कळपच्या कळप कुंपणापलीकडे मामांच्या चुलतभावाच्या बागेत जाऊन पडला. या चुलतभावाशी मामांचा बांधावरून वाद आहे. वानरं जातात आणि तीही तिकडे जातात, हे बघून मामांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"जावय मिळावा तर असा!" ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

झालं. ते वाक्य ऐकलं आणि मला वाटलं, आपण विमान चालवून दाखवावं. मी दांडी डावीकडे केली. विमान एव्हाना वळून आमच्याकडे तोंड करून येत होतं. ते उजवीकडे वळलं, आणि उजवीकडे मामांचं सगळ्यात उंच कलम होतं.

खर्रकन आवाज झाला. मग शांतता. विमान शेंड्यात अडकून बसलं.

आंबे काढायची घळ आणली, तिला दुसरी काठी बांधली, तरी पोचेना. दगड मारले, तर दोन कच्चे आंबे पडले. विमान हलेना. सखाराम गावकर समाधानानं म्हणाले, "खाली पडू देऊ नको म्हटलं होतं. देवानं शब्द पाळला."

तेवढ्यात कुंपणावर एक डोकं दिसलं. मग दुसरं. आवाज बंद झाल्याचं वानरांना कळलं होतं. हुप्प्या परत आला, सरळ त्या शेंड्यावर चढला आणि विमानाशेजारी बसला. त्यानं अबोलीचा वळेसर काढून हुंगला, खाल्ला, पंख उपटून खाली टाकला, आणि मग जणू आता मार्ग मोकळा झाला अशा थाटात पहिला आंबा तोडला. मागून कळप आला. टपाटप एकेक चाव्याचे आंबे खाली पडायला लागले.

मामांनी एक आंबा उचलून पुसला, चाव्याची जागा बघितली आणि हातातच धरून ठेवला. ते शिव्या देते तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वेदिका माझ्याजवळ आली.

"चढा," ती म्हणाली.

"मी? अगं, मला स्टुलावर चढून बल्ब..."

"चढा!"

मी हेल्मेट घातलं, मामांचा फवारणीचा लांब बाह्यांचा पिवळा शर्ट घातला आणि चढलो. खालून अर्धी वाडी ढकलत होती. मधल्या फांदीपर्यंत गेलो. हुप्प्यानं माझ्याकडे बघितलं आणि खायचं काम चालू ठेवलं. आजवर मला इतकं किरकोळीत फक्त आमच्या साहेबांनी काढलंय.

मी आणखी वर सरकायला एका फांदीला मिठी मारली. त्या फांदीवर पानं शिवून केलेलं लाल मुंग्यांचं घरटं होतं. ते माझ्या छातीखाली फुटलं.

पुढचं मला नीट आठवत नाही. मुंग्या शर्टात शिरल्या, हेल्मेटमध्ये शिरल्या, आणि जिथे शिरल्याचं सासुरवाडीत सांगता येत नाही, तिथेही शिरल्या. मी एका हातानं फांदी धरून नाचत होतो आणि किंचाळत होतो. ती किंकाळी म्हणे हायवेपर्यंत ऐकू गेली. हुप्प्यानं आयुष्यात बरंच काही बघितलं असेल, पण झाडावर पिवळं अंग, काळं चकचकीत डोकं आणि असला आवाज असलेलं जनावर त्यानं बघितलं नव्हतं. तोंडातला आंबा टाकून तो जो पळाला, तो कळपासकट चुलतभावाच्या बागेतही थांबला नाही. पार डोंगराकडे गेला. माझ्या नाचण्यानं फांदी हलून विमानही खाली पडलं आणि त्याचे तीन तुकडे झाले.

मला उतरवून खोबरेल चोळण्यात आलं. मामींनी गरम गरम घावणे दिले. मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला एकदम भरून आलं. बाग वाचली होती. कशीही का होईना, पण मी वाचवली होती.

बुधवारी मामांचा फोन आला.

"जावयबापू, तुम्ही घातलेला तो पिवळा शर्ट आनि तुम्ही इसरलेलं हेल्मेट चढवून मी बुजगावणं केलं. फांदीवर बांधलं."

"वा! मग?"

"दोन दिवस वांदरं आली नाय. आज आली. त्याच्या मांडीवर बसून आंबे खातायत. त्याचं काय हाय, त्ये नुसतं बसून राहतं. वरडत नाय."

पुढचं काय येणार ते मला कळलं. "मामा, मी ओरडल्याचा आवाज रेकॉर्ड करून पाठवतो ना."

"विडिओ नि रेकॉर्डिंग नको आता तुमचं. एकदा बघितलं तेवढं पुरे. तुम्ही स्वतः या. उद्यापासून चार दिवस सुट्टी घ्या, तवर आंबा उतरतो."

"पण मामा, ठरवून तसं ओरडायला मला कसं जमेल? तेव्हा त्या मुंग्या..."

"त्याची काळजी नको," मामा मायेनं म्हणाले. "सगळ्या बागेत फवारणी केली, तुमची फांदी तेवढी सोडलीय."