लिफाफे बदलले आणि एकमत झालं

भाषणांचे दोन लिफाफे दोन्ही बाकांवर पोचले, आणि मग टंकलेखिका बाईंच्या लक्षात आलं की त्यांची अदलाबदल झाली आहे. सत्ताधारी आप्पांचं भाषण विरोधी ताईंकडे, ताईंचं आप्पांकडे. बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. "आता एक जरी चूक झाली ना, तर तळघरातल्या जुन्या कागदांत बसवीन," असं सचिवांनी परवाच बजावलं होतं.

प्रस्ताव आप्पांचा होता. ज्याचा कोड कुणालाही पाहता येतो, दुरुस्त करता येतो, असंच सॉफ्टवेअर सरकारने वापरावं. ताईंचा विरोध ठरलेला. आप्पा काय म्हणाले हे कळण्याआधीच ताईंचा विरोध असे, आणि गेली दहा वर्षं आप्पांचंही तेच.

बाई धावत सभागृहात शिरल्या, पण तोवर आप्पा उभे राहिले होते. भाषण आधी वाचून पाहायची त्यांना सवयच नव्हती.

"सभापती महोदय, घराला कुलूप लावून किल्ली चौकात टांगणाऱ्याला आपण काय म्हणतो? हे उघडंवाघडं सॉफ्टवेअर म्हणजे तसलाच प्रकार!"

त्यांच्याच माणसांनी सवयीने बाकं वाजवली. मग एकेक हात हवेत थांबला. चौथ्या ओळीत 'या निष्क्रिय सरकारने' असं आलं, तेव्हा आप्पाही थांबले. घाम पुसत म्हणाले, "असं... असं आमचे विरोधक म्हणतील! त्यावर माझं उत्तर..." त्यांनी पान उलटलं. उत्तर ताईंच्या हातात होतं.

ताईंनी कागदावर नजर टाकली. हे आपलं नाही, हे त्यांना लगेच कळलं. पण आप्पा तर विरोधात बोलून बसले होते. म्हणजे आता पाठिंबा देणं भागच होतं. त्या ताडकन उठल्या आणि आप्पांचं भाषण खणखणीत आवाजात वाचून काढलं. "कंपनीच्या दारात ताटकळायचं कशाला? आपली यंत्रणा आपले इंजिनिअर दुरुस्त करतील!"

"वा!" आप्पा उद्गारले. "ताई, अगदी माझ्या तोंडचे शब्द!"

आता माघार कोण घेणार? प्रस्ताव एकमताने मंजूर झाला. सभापतींनी दोनदा हात मोजायला लावले.

दाराशी सचिवांनी बाईंना गाठलं. "बाई, हे कसं काय घडलं?"

तेवढ्यात आतून आप्पांचा आवाज आला, "धोरणाचं नाव 'मुक्त प्रणाली' असेल!"

"मुळीच नाही! 'खुली प्रणाली'!" ताई गरजल्या.

"मुक्त!"

"खुली!"

कुणीतरी बाकावर चढलं, कुणाचा तरी माइक उपटला गेला. सचिव बाईंना तिथेच सोडून आत धावले. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी शांतपणे चहा मागवला.