रुळांवरच्या महालक्ष्म्या

महालक्ष्म्यांची घडवंची माळ्यावर नव्हती. रमाबाईंनी माळा दोनदा पालथा घातला. पितळी समया सापडल्या, फुटका पाळणा सापडला, पण ज्या सागवानी घडवंचीवर दर वर्षी महालक्ष्म्या उभ्या राहायच्या, तिचा पत्ता नव्हता. दुपारचे चार वाजले होते आणि आवाहनाचा मुहूर्त पावणेसहापर्यंतच होता.

"अहो, घडवंची कुठं गेली?" त्यांनी शिडीवरूनच विचारलं.

गिरिधररावांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. अंबडच्या कोर्टात तीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाला उत्तर लांबवायची सवय असते, पण रमाबाईंपुढं ती फार वेळ टिकत नसे.

"रुळांखाली आहे," ते म्हणाले.

रूळ म्हणजे त्यांच्या छोट्या आगगाडीचे. अंबडला रेल्वे नाही. गाडी धरायची तर एसटीनं जालना गाठावं लागतं. सरकारनं जी आणली नाही ती रेल्वे रिटायर झाल्यावर गिरिधररावांनी स्वतःच आणायचं ठरवलं, आणि तीही थेट दिवाणखान्यात. "आपल्या ब्रॉडगेजच्या मापाचे रूळ दुकानात मिळत न्हाईत," म्हणून रूळसुद्धा घरीच. दीड वर्ष हा माणूस मोसंबीच्या पेट्या चिरून काडीएवढे स्लीपर करत होता. एकेक स्लीपर चिमट्यानं उचलायचा, चिकटवायचा, वर पितळी रूळ टाचणीनं ठोकायचा आणि दोन रुळांत बरोबर बावीस मिलिमीटर आहेत का ते मोजायचं. केसभर फरक निघाला की सगळं उखडून पुन्हा पहिल्यापासून. एवढी चिकाटी संसारात दाखवली असती तर घराची गच्ची गळायची थांबली असती, असं रमाबाई येईल त्याला सांगत.

"पावसाळ्यात साधं लाकूड वाकतं, रमा," गिरिधरराव खाली बघत म्हणाले. "खालच्या चौकटीला जुनं सागवानच लागतं. महालक्ष्म्यांसाठी नवी करून ठेवणार होतो. राहून गेलं."

"माझ्या महालक्ष्म्यांच्या बुडाखालची घडवंची काढून तुम्ही गाडीखाली घातली?"

गिरिधररावांनी मान डोलावून गुन्हा कबूल केला. कोर्टात राहिलेल्या माणसाला एवढं तर कळतंच.

रमाबाई शिडीवरून उतरल्या आणि दिवाणखान्यात जाऊन उभ्या राहिल्या. चार फळ्या बोल्टांनी जोडून आठ फूट लांब, चार फूट रुंद असा तो पसारा मांडलेला होता. रूळ कडेकडेनं गोल फिरून येत होते, एका बाजूला 'अंबड' अशी पाटी लावलेलं टीचभर स्टेशन होतं आणि मधोमध डोंगरासाठी मोकळी जागा होती.

"हे कितपत वजन पेलतं?"

"मी स्वतः उभा राहून बघितलंय."

"मंग झालं. त्यांचंच सागवान आहे, त्यांनाच बसू द्या त्याच्यावर. तुमचं ते प्रदर्शन कधी?"

"रविवारी. जालन्याला."

"आणि विसर्जन शनिवारी. बराबर जमतंय."

गिरिधररावांनाही ते जमण्यासारखंच वाटलं. मुहूर्ताला महालक्ष्म्या आल्या, डोंगराच्या जागी शालू नेसून उभ्या राहिल्या, अक्षता पडल्या. रमाबाईंनी हात जोडले आणि तेवढ्यात फोन वाजला.

फोन राधेश्यामचा होता. जालन्यातल्या छोट्या रेल्वेवाल्यांच्या मंडळाचा हा चिटणीस. "काका, एक गडबड झाली. रविवारी हॉलमध्ये सभा आहे. प्रदर्शन उद्याच घेऊन राह्यलो. टोणगावकर साहेब पुण्याहून निघाले बी. सकाळी टेंपो पाठवू का?"

गिरिधररावांनी महालक्ष्म्यांकडं पाहिलं. दोघी बरोबर चारही फळ्यांच्या जोडावर उभ्या होत्या. एकही फळी सुटी होणं शक्य नव्हतं. आणि अक्षता पडल्यावर विसर्जनाआधी देवी जागची हलवायची नसते, हे त्या घरात कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

"न्हाई जमणार," ते फोनवर म्हणाले. मग रमाबाईंकडं वळून हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "तीस वर्षं लोकांना पुढची तारीख देत आलो. आज मला मिळाली."

रमाबाईंना हसू आलं नाही. टोणगावकर कोण ते त्यांना ठाऊक होतं. आयुष्यभर खऱ्या रुळांची तपासणी केलेला माणूस, आणि या प्रदर्शनाचा परीक्षक. "बक्षीस मिळो न मिळो," गिरिधरराव दीड वर्ष घोकत होते, "त्यांनी एकदा माझा सांधा बघावा." सांधा म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ती जागा. तो त्यांनी अकरा वेळा मोडून बाराव्यांदा केला होता. आता ते फुलांच्या माळा ओवत बसले. ते भांडले असते तर बरं झालं असतं, असं रमाबाईंना वाटलं.

त्या स्वैपाकघरात गेल्या आणि त्यांनी राधेश्यामला फोन लावला.

"मी काकू बोलते. उद्या संध्याकाळी टोणगावकर साहेबांना आमच्याकडं महालक्ष्म्यांच्या जेवणाला घेऊन ये. या जेवणाला कुणी न्हाई म्हणत न्हाई, एवढंच सांग त्यांना."

खरोखरच कुणी नाही म्हटलं नाही. अडचण तीच झाली. साहेब येणार म्हणून मंडळाचे सात जण निघाले. परीक्षकच अंबडला चालले तर आपल्या गाड्या हॉलमध्ये कोण बघणार, म्हणून मंठ्याचा एक आणि जालन्याचे तिघे आपापल्या फळ्या आणि बायकापोरं टेंपोत घालून मागोमाग आले. शुक्रवारी संध्याकाळी रमाबाईंच्या अंगणात चार आगगाड्या आणि एकोणतीस माणसं उतरली. आत सोळा भाज्या बारा जणांच्या हिशेबानं शिजत होत्या.

"आंबिलीत पाणी घाल," रमाबाई शेजारच्या सुरेखाला म्हणाल्या, "आणि पुरणाची डाळ आणखी टाक. आरतीला जरा उशीर करू."

उशीर करावाच लागला नाही. टोणगावकर साहेब आत आले, महालक्ष्म्यांना नमस्कार केला आणि नमस्कारासाठी वाकले ते वाकलेलेच राहिले. मग गुडघ्यावर बसले. मग हनुवटी फळीला टेकवून चक्क जमिनीवर पसरले. दर्शनाला आलेल्या बायका मागं सरकल्या.

"किती भाविक माणूस आहे," सुरेखा हळूच म्हणाली.

भाविक माणसानं खिशातून पोलादी माप काढलं, ते रुळांवरून बोटभर बोटभर सरकवत नेलं आणि सांध्याशी येऊन थांबला. "हा कुठून आणला?"

"घरीच केलाय," गिरिधरराव म्हणाले.

"गाडी चालवा."

गाडी निघाली. महालक्ष्म्यांना प्रदक्षिणा घालत वळली आणि सांध्यावर अडखळली. गिरिधररावांचा चेहरा उतरला. रमाबाई मात्र दीड वर्ष नुसत्या कुरकुरत नव्हत्या, बघतही होत्या. त्यांनी पुढं होऊन चिमटा उचलला आणि रुळाच्या फटीत अडकलेला अक्षतेचा दाणा अलगद काढला. गाडी गेली. दुसरी फेरी, तिसरी फेरी, खट् नाही की खुट् नाही. सात-आठ माणसं श्वास धरून उभी होती आणि रमाबाईंना पहिल्यांदाच दिसलं, की आपल्या नवऱ्यानं काहीतरी फार सुंदर केलंय. त्यांना स्वतःचाच थोडा राग आला.

टोणगावकर उठले. गुडघे झटकायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही. "चाळीस वर्षं मी मोठमोठ्या इंजिनिअरांचे सांधे नापास केले," ते म्हणाले. "यात मला नाव ठेवायला जागा सापडत नाहीये. पहिलं बक्षीस तर आहेच. पण मी पुण्याला छोट्या आगगाड्यांचं एक कायमचं दालन उभारतोय. हे तिथं हवं. सोमवारी गाडी पाठवतो. लोक येऊन शिकतील यावरून."

गिरिधररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा मान त्यांना नोकरीतही कुणी दिला नव्हता. त्यांनी मान हलवायला सुरुवात केली.

"ते न्हाई जमणार, साहेब," रमाबाई पदराला हात पुसत म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडं बघू लागले.

"आमच्याकडं रीत आहे. महालक्ष्म्यांपुढं एकदा जे मांडलं, ते दर वर्षी मांडावं लागतं. खंड पडलेला चालत न्हाई. शिकायचं असलं तर लोकांना इथं पाठवा, आणि तुम्ही दर वर्षी जेवायला या. चला, पानं वाढलीत."

देवीच्या रीतीपुढं कोण बोलणार? साहेबांनी हात जोडले आणि पानावर जाऊन बसले. मागं राहिलेले गिरिधरराव रमाबाईंच्या कानाशी आले.

"अगं, पस्तीस वर्षं झाली आपल्या लग्नाला. अशी रीत आपल्यात कधीपासून आहे?"

"आत्तापासून," रमाबाई म्हणाल्या आणि पुरणपोळ्यांचं ताट त्यांच्या हातात देऊन त्यांना वाढायला पाठवलं.