एका चुलीचा सत्कार

येत्या रविवारी एका आदर्श एकत्र कुटुंबाचा सत्कार करा, असा पक्षाचा निरोप तालुक्याहून आला आणि अध्यक्ष हरिश्चंद्रांची गावसमिती पेचात पडली. घर, देव आणि रीतभात सांभाळणं हे समितीचं ब्रीद. पण सत्कार करायला घर सापडेना. परबांकडे तीन चुली, सावंतांकडे भावाभावांचं बोलणं वकिलामार्फत.

"मगे सत्कार करूचो कोणाचो?" खजिनदार बाबूनं विचारलं.

"अध्यक्षांचोच," समितीतल्या काशीबाई म्हणाल्या. "त्यांच्या घराची वाटणी खंय झाली हा?"

हे खरंच होतं. वाटणी झाली नव्हती, कारण ती मागायला घरात कुणी उरलंच नव्हतं. सून तेजस्वीनं गोव्यात नोकरी धरली, तेव्हा हरिश्चंद्रांनी समितीच्या भर सभेत उंबरा ओलांडणाऱ्या सुनांवर भाषण ठोकलं. टाळ्या खूप पडल्या. त्याच आठवड्यात मुलगा सिद्धेश बायकोला घेऊन गेला, तो चतुर्थीलाही फिरकला नाही. "सुट्टी गावना नाय," असं हरिश्चंद्र सांगत आणि गाव ते खरं धरून चालत असे.

नाही म्हणावं, असं त्यांच्या मनात आलं. पण या निमित्तानं तरी पोरगा येईल, ही आशा मोठी चिवट. त्यांनी फोन लावला.

"घराचो सत्कार आसा रे. तुम्ही दोघां इलात तर..."

"कोणच्या घराचो, बाबा?" एवढंच विचारून सिद्धेशनं फोन ठेवला.

रविवारी रवळनाथाच्या देवळापुढे मांडवात तीन खुर्च्या मांडल्या. गोव्याची एसटी आली, दोन बायका आणि एक फणस उतरवून निघून गेली. रिकाम्या खुर्च्या फोटोत बऱ्या दिसेनात, म्हणून मुलाच्या खुर्चीत बाबू बसला आणि सुनेच्या खुर्चीत त्याची बायको पूजा.

"फोटोपुरतांच," बाबू म्हणाला.

पूजानं पदर सावरला आणि हरिश्चंद्रांनी नजर वळवली. तेजस्वी असाच पदर सावरत त्यांना चहा आणून देई.

आता गाऱ्हाणं, म्हणजे देवाला सगळ्यांदेखत घालायचं साकडं. देवाला गाऱ्हाणं घातल्यावाचून गावात कुठलंच कार्य होत नाही, आणि ते घालायचा मान हरिश्चंद्रांचा. नारळ घेऊन ते उठले.

"बा देवा रवळनाथा, तुझ्या लेकरांनी आज ह्यो सत्कार मांडलेलो आसा, म्हाराजा."

"होय म्हाराजा," मांडव एका सुरात म्हणाला.

"ह्या घरात चूल एकच आसा, म्हाराजा."

"होय म्हाराजा."

सभेत काहीही बोलता येतं, त्याची सवय असते. देवापुढे मात्र हरिश्चंद्रांची जीभ रेटेना.

"तिच्यार एकट्याचोच भात शिजता, म्हाराजा. सुनेक मीच भायर काढलंय, म्हाराजा. माझ्या झीलाक, सिद्धेशाक, घराक परत हाड, आणि माका त्येंची माफी मागूक दी, म्हाराजा."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मांडवाचं लक्ष लाडवांच्या पातेल्याकडे होतं.

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले. मुलाच्या खुर्चीतून बाबूचा आवाज सगळ्यांत मोठा होता.