साळुंकीबाईंचा सज्ज वर्ग

एका जंगलात वाघाला राजा म्हणत, पण राज्य चाले ते प्रशिक्षणांवर. त्या जंगलात, मुलांनो, एका जुन्या वडाच्या ढोलीत प्राथमिक शाळा होती आणि पहिलीचा वर्ग साळुंकीबाईंकडे होता.

साळुंकीबाई रोज सकाळी वर्ग नव्याने मांडत. मोजायला चिंचोके वेचून आणत. चिचुंद्रीला लांबचे दिसत नाही म्हणून तिची जागा पुढे करत. ओल्या मातीत नखाने पाऊलखुणा उमटवत: ही सशाची, ही रानडुकराची, ही बिबट्याची. मुले आली की तासाभरात सारे विस्कटे. मातीत लोळण होई आणि चिंचोके खारीच्या गालफडात सापडत.

याच वर्गात भेकराचे एक पाडस होते. ते बोलत नसे. आता, बिबट्या आला की भेकराने भुंकायचे आणि बाकीच्यांनी पळायचे, ही त्या जंगलाची जुनी रीत. त्यामुळे पाडसाचे मुकेपण ही एकट्या त्याच्या आईची काळजी नव्हती.

"घसा चांगला आहे हो त्याचा," साळुंकीबाई त्या आईला सांगत. "रोज थोडा वेळ त्याच्यापाशी बसले, तर आवाज फुटेल."

पण बसणार कधी? सगळी सकाळ वर्ग मांडण्यात सरे.

नेमके तेव्हाच वर्गसज्जतेतील वेळबचतीचे प्रशिक्षण निघाले. मार्गदर्शक होते बगळेसाहेब. एका पायावर तासन्‌तास उभे राहण्याचा त्यांचा अनुभव दांडगा होता. स्वतः त्यांनी वर्ग कधी घेतला नव्हता; त्यामुळे त्यांचा पुष्कळसा वेळ मुळातच वाचलेला होता.

"चिंचोके रोज कशाला वेचता?" साहेबांनी विचारले. "एकदाच फळीवर डिंकाने चिकटवून टाका."

"मग वजाबाकी कशी करायची, साहेब?" दुसरीच्या वर्गाचे घोरपडेगुरुजी म्हणाले.

"वजाबाकी पुढच्या सत्रात आहे."

"आणि भागाकार यांच्या बदलीनंतर," गुरुजी साळुंकीबाईंच्या कानाशी पुटपुटले.

साळुंकीबाई हसल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढे पाडस होते. वाचलेला प्रत्येक क्षण त्याचा, असे त्यांनी मनोमन ठरवून टाकले होते.

त्यांनी चिंचोके चिकटवले. पाऊलखुणा सालीवर रंगवून त्यांचे तक्ते भिंतीला कायमचे टांगले. बिबट्याचा तक्ता तर फारच देखणा झाला. जागा हजेरीच्या क्रमाने पक्क्या केल्या. चिचुंद्री मागच्या कोपऱ्यात गेली आणि तिथून तिने तक्रार केली नाही, कारण तक्रार करण्याजोगे तिला काही दिसतच नव्हते.

सकाळी खरोखर वेळ उरू लागला. मात्र सज्ज वर्ग मुलांच्या हाती टिकेना. खार चिंचोके उचकटू पाही, ससे तक्त्यांची टोके कुरतडत. उरलेला वेळ डिंक लावण्यात जाई.

बगळेसाहेबांनी मान वाकवून सगळे न्याहाळले. "बाई, तुमची वेळगळती मुलांमुळे होते आहे," ते म्हणाले. "वरून पाहुणे पाहणीला यायचे आहेत; ती होईपर्यंत त्यांना बाहेर पारावर बसवा."

मुले पारावर बसली. साळुंकीबाई ढोलीच्या तोंडाशी बसल्या. आत कोणी शिरू नये म्हणून कोणीतरी बसायला हवेच होते.

"काय बाई, वेळ वाचला म्हणे?" जाता जाता घोरपडेगुरुजींनी विचारले.

"वाचलाय की. त्याचीच राखण चाललीय."

पाडस पारावरून त्यांच्याकडे बघत असे. पाहणी एकदा उरकू दे, असे त्या स्वतःला बजावत.

पाहणीचा दिवस उजाडला. मुलांना रांगेने आत घेतले. पाय जवळ, शेपट्या आत. दारात बगळेसाहेब पाहुण्यांना घेऊन उभे होते. पाडसाची जागा क्रमानेच बिबट्याच्या तक्त्याखाली आली होती. त्याने मान वर केली आणि ते थबकले. त्याचे कान ताठ झाले. पुढचा खूर उचलून त्याने तक्त्याच्या कडेवर टेकवला. मानेची शीर फुगली, तोंड उघडले. वर्षभर ज्या आवाजाची वाट पाहिली, तो घशापर्यंत आलेला साळुंकीबाईंना स्पष्ट दिसला.

आणि तक्त्याची कड सुटू लागलेलीही दिसली.

"पाय काढ, राजा," त्या हळूच म्हणाल्या. "तक्ता निघेल."

पाडसाने पाय काढला. तोंड मिटले. आवाज जिथून आला होता तिथे परत गेला.

"किती शांत वर्ग आहे," पाहुणे म्हणाले.

शेजारच्या जंगलात जाऊन हीच पद्धत इतर शिक्षकांना शिकवावी, असा आदेश साळुंकीबाईंना तिथल्या तिथे मिळाला. कधी परत यायचे, हे त्यात नव्हते.

शाळा सुटल्यावर पाडसाची आई दाराशी आली. "बाई, बोलला का हो आज?"

साळुंकीबाईंनी पिसे सारखी केली. "आज नाही. पण तुम्ही आत येऊन वर्ग तर बघा."

आईने आत डोकावले. पाऊल टाकले नाही. खालची जमीन फार स्वच्छ होती.

"छान आहे हो," ती म्हणाली आणि लेकराला पुढे घालून पाणवठ्याच्या वाटेला लागली.

तात्पर्य: वर्ग असा सज्ज करावा, की मुलांच्या येण्याजाण्याने त्यात काही फरक पडू नये. त्यात शिक्षकांचा वेळ वाचतो, साहेबांचा वाचतो आणि पुढेमागे बिबट्याचाही.